चालायची दोन मिनिटं

खरं सांगायचं तर मी फक्त एका कुंपणापाशी थांबलो होतो. कुणाच्या आवारात शिरलो नाही, पान तोडलं नाही, कुणाला एक शब्द बोललो नाही. पण नंतरच्या महिनाभरात आमच्या लेर्केवाय रस्त्यावर जे काही झालं त्याचं मूळ माझ्या त्या थांबण्यात आहे, असं घरमालक संघाच्या इतिवृत्तात नोंदलेलं आहे, आणि ते इतिवृत्त एकमताने मंजूर झालेलं आहे. (हात मीही वर केला. बोडिल शेजारीच बसली होती.)

पण थांबलो का, हे सांगायचं तर पोटरीपासून सुरुवात करावी लागेल.

मी एस्किल्ड, वय एक्कावन्न, नगरपालिकेच्या रस्ते विभागात कारकून. बीच नावाच्या झाडांची कुंपणं वाढून पदपथावर आली की घरमालकाला पत्र धाडायचं, हे माझं काम. पत्रात तीन परिच्छेद असतात आणि प्रत्येक परिच्छेद आधीच्यापेक्षा जरा कमी प्रेमळ असतो. खाली माझी सही. एकोणीस वर्षं हे करतोय, त्यामुळे गावातल्या लोकांना माझा वाढदिवस माहीत नसेल, पण माझ्या सहीतला शेवटचा फराटा डोळे मिटून काढून दाखवतील.

पन्नासाव्या वाढदिवशी, केक कापता कापता, मी जाहीर करून टाकलं की यंदा सप्टेंबरात मी मॅरेथॉन धावणार. पन्नाशीला माणसाला काहीतरी होतंच. काही जण मोटरसायकल घेतात. बोडिलचं म्हणणं, मोटरसायकल परवडली, ती निदान गॅरेजमध्ये ठेवून कुलूप लावता येतं. बोडिल म्हणजे माझी बायको. ती बालवाडीची मुख्याध्यापिका आहे आणि साठच्या आतल्या सगळ्यांशी एकाच आवाजात बोलते.

आठ महिने मी इमानेइतबारे धावलो. स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. शनिवारची सकाळ, फ्योर्डच्या खाडीकाठचा रस्ता, आणि माझ्यापुढे चढावर एक बाई पुढे पेटी लावलेली सायकल हाणत चाललेली. पेटीत दोन वर्षांचं पोर. माझ्या मनात आलं, हिला मागे टाकावं. टाकलंही. तीन पावलं मी तिच्या पुढे होतो, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. चौथ्या पावलाला पोटरीत टक् झालं. मला वाटलं कुणीतरी दगड मारला, म्हणून मी वळून पाहिलं, आणि वळताना बसलोच.

ती बाई भली होती. तिनं मला उचलून पेटीत बसवलं, पोराच्या समोर. पोरानं अर्धं चघळलेलं बिस्कीट माझ्यापुढे धरलं. नाही म्हणवेना. घर गाठायला बाजारचौकातून जावं लागतं आणि शनिवारी तिथे बाजार भरतो. आमच्या गावाची वस्ती अकरा हजार आहे. त्या दिवशी मला साधारण तेवढेच लोक भेटले.

मग हिवाळाभर मी सोफ्यावर पाय वर करून बसलो. माझा स्पर्धेतला नंबर पुढच्या सप्टेंबरावर ढकलला. जखम भरून यायला आठ महिने लागले, पेटी विसरायला गावाला त्याहून जास्त लागणार होते. जो भेटेल तो विचारायचा, आज चालत आलास वाटतं.

एप्रिलच्या अखेरीस फिजिओथेरपिस्ट मायकेननं परवानगी दिली. मायकेन सव्वीस वर्षांची आहे आणि तिला माझ्या पोटरीबद्दल माझ्यापेक्षा जास्त आदर आहे. तिनं कागदावर लिहून दिलं: एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. घड्याळ वाजलं की चालायचं म्हणजे चालायचं, तेव्हा हरणासारखं वाटत असलं तरी. बोडिलनं तो कागद फ्रिजवर लावला आणि वर चुंबकाचं बदक बसवलं. (बालवाडीत महत्त्वाच्या सूचनांवर बदक असतं.)

आता ज्याला कधी लागलंय त्यालाच हे कळेल. दुखापतीनंतरचं पहिलं धावणं म्हणजे निजलेल्या तान्ह्या बाळाच्या खोलीतून चालण्यासारखं असतं. पाऊल टाकायचं आणि कान द्यायचा. पोटरी काही बोलतेय का? गप्प आहे की दबा धरून बसली आहे? पण खरी भीती पोटरीची नव्हतीच. धावायच्या मिनिटात मी धावपटू होतो. नवे बूट, अंगाला चिकटणारी विजार, सगळं शोभत होतं. घड्याळ वाजलं की त्याच कपड्यांत मी एक ढेरपोट्या, धापा टाकणारा, चालणारा कारकून. आणि मोजून बरोबर लेर्केवायच्या मध्यावर, सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या असताना, माझं घड्याळ पहिल्यांदा वाजलं.

एका खिडकीत पडदा हलला. मला पेटी आठवली. आणि मी थांबलो, शेजारच्या कुंपणाकडे वळलो आणि त्याकडे गंभीरपणे पाहू लागलो.

उंची पाहिली. पानांवरून तळवा फिरवला. मान जरा तिरकी करून कुंपणाच्या कडेनं सावकाश चालू लागलो, जणू चालणं हा त्या पाहण्याचाच भाग आहे. दोन मिनिटं अगदी अब्रूनं गेली. घड्याळ वाजलं, मी धावत सुटलो. पुढच्या वेळी पुढचं कुंपण. घरी आलो तेव्हा इतका खूश होतो की बोडिलनं पाय तपासला.

ती युक्ती मी रोजचीच केली. एका संध्याकाळी आठ कुंपणं, आठवड्याला चोवीस. दुसऱ्या आठवड्यापासून मी थांबलो की फोन काढून पोटरी कशी वाटतेय ते टिपून ठेवायला लागलो. मायकेननंच सांगितलं होतं. नगरपालिकेचा कुंपणवाला कारकून संध्याकाळी आपल्या कुंपणापाशी थांबतो, वरून खाली निरखतो आणि काहीतरी लिहून घेतो, हे आतून कसं दिसत असेल, असा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. ऑफिस चार वाजता सुटतं. त्यानंतर मी माझ्या मते धावपटू होतो.

शनिवारी सगळ्या रस्त्यावर कुंपण कापायची यंत्रं घरघरत होती. मी बोडिलला म्हणालो, यंदा वसंत लवकर आला. कुणीतरी दारात रूबार्बच्या मुरंब्याची बरणी ठेवून गेलं, कुणी घरची बिअर. मला भरून आलं. मी कुठेतरी वाचलं होतं की दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूला समाजाचा आधार लागतो. माझ्या समाजानं तो मुरंब्याच्या रूपात दिला, असं मी समजलो.

मग विलाड्स भेटला. विलाड्स सहा नंबरात राहतो, तगडा माणूस, गावातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. घड्याळ वाजलं तेव्हा मी नेमका त्याच्या कुंपणापाशी होतो आणि तो पलीकडे शिडीवर. मी पानांवर हात ठेवला.

"कसं वाटतंय, एस्किल्ड?" त्यानं विचारलं. आवाज नेहमीच्या निम्माच होता.

मला वाटलं, काळजीनं विचारतोय. "वरच्या बाजूला ठीक आहे," मी म्हणालो. "खाली अजून जाड वाटतंय."

"खाली?"

"बाहेरून पटकन दिसत नाही, पण हात फिरवला की कळतं."

विलाड्स शिडीची एक पायरी खाली आला. "मग आता काय?"

"सहा आठवडे देतात. तेवढ्यात कमी व्हायला हवं."

"आणि नाहीच झालं तर?"

"मग कापाकापी," मी म्हणालो. "पण तिथपर्यंत प्रकरण जाऊ नये असं आपल्याला सगळ्यांनाच वाटतं, नाही का?"

विलाड्सला ते मनापासून वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याचं कुंपण गुडघ्यापर्यंत नागडं झालेलं होतं. खालून कुत्र्याचे चार पाय आणि विलाड्सचे दोन दिसत होते, आणि मी जाईन तसे ते माझ्याबरोबर आतून सरकत होते.

सोमवारी विभागप्रमुख डॉरिटनं आत बोलावलं. तिच्यासमोर कागद होता. आठवडाभरात चौतीस फोन आले होते. सत्तावीस जणांनी आपलं कुंपण आता नियमात बसतं का ते विचारलं होतं, सहा जणांनी शेजाऱ्याचं बसत नाही म्हणून कळवलं होतं, आणि एका बाईंनी, तपासनीस फार घट्ट विजार घालतो, अशी तक्रार केली होती. डॉरिटनं सरळ विचारलं, मी संध्याकाळी कुंपणं तपासत फिरतो का.

इथे माझी संधी होती. नाही, मी चालताना दिसू नये म्हणून कुंपणं बघतो, एवढं एक वाक्य. पण डॉरिट रोज अकरा किलोमीटर सायकल मारून कामावर येते, उलट्या वाऱ्यातही, आणि तिच्या खोलीत शर्यतींची पाच पदकं टांगलेली आहेत. माझ्या तोंडून निघालं, "हो. स्वखुशीनं."

डॉरिटचे डोळे भरून आले म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण ती उठून उभी राहिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. तिला म्हणे कधीपासून सबंध भागाची पाहणी करायची होती, माणूस मिळत नव्हता. तिनं मला पिवळं जाकीट दिलं, यादी दिली, आणि आजपासून हे अधिकृत, असं सांगितलं. मग यादीवर बोट ठेवलं. लेर्केवायवर सगळ्यांनी कापलंय, एकच घर उरलंय. चौदा नंबर. पत्र आजच जाऊ दे.

चौदा नंबरात ऑलुफ राहतात. वय एक्क्याऐंशी, आयुष्यभर होड्या बांधल्या, आता एकटे. त्यांचं कुंपण उंच होतं, पण पदपथावर एक डहाळीही आलेली नव्हती. ते मला माहीत होतं. त्या कुंपणापाशी मी पाच वेळा उभा राहिलो होतो. तरी मी पत्र तयार केलं, तीनही परिच्छेद, आणि सही केली. सही करताना हात थरथरला, असं मी नंतर बोडिलला सांगितलं. थरथरला नव्हता. एकोणीस वर्षांची सवय.

बोडिल आणि ऑलुफ चर्चच्या गायकवृंदात एकत्र गातात. पुढच्या शनिवारी सकाळी ती सरावावरून आली, कोट न काढताच स्वयंपाकघरात आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. बालवाडीत कुणी कुणाला चावलं की ती असंच करते. समोर बसते, डोळ्यांच्या पातळीवर येते आणि काही बोलत नाही. चार वर्षांची मुलं म्हणे दोन मिनिटं तग धरतात. मी चाळीस सेकंदांत सगळं ओकलो. खिडक्या, पडदा, पेटी, विलाड्स, डॉरिट, पत्र.

तिनं कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग म्हणाली, "ते कुंपण त्यांनी आणि एलिननं लग्नाच्या वर्षी लावलं होतं. एलिन जाऊन तीन वर्षं झाली. आज त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही, एस्किल्ड. त्यात कस्तुर पक्ष्याचं घरटं आहे, ते सोडून बाकीचं वरून कसं कापता येईल तेवढंच मला विचारत होते. त्यांची शिडी आखूड पडते म्हणून मी त्यांना आपली दिली."

"कधी?"

"आत्ता. येता येता. ते वर चढलेही असतील."

मी उठलो. पायात बागेत घालायच्या लाकडी सपाता होत्या, त्याच घालून निघालो. आमच्या घरापासून चौदा नंबर सातशे मीटर आहे. ते मी धावलो. वॉर्म-अप नाही, घड्याळ नाही, एक मिनिट नाही की दोन मिनिटं नाहीत. सपाता रस्त्यावर अशा वाजत होत्या की दोन्ही बाजूंच्या घरांतून लोक बाहेर आले, आणि कुंपणं कापलेली असल्यामुळे त्यांना मी कमरेपासून नव्हे, सपातांपासून दिसत होतो. त्या क्षणी मला त्याचं काहीही वाटलं नाही. डोळ्यांसमोर फक्त एक शिडी होती आणि तिच्या टोकाला एक म्हातारा माणूस, माझ्या सहीमुळे चढलेला.

ऑलुफ वर होते. शिडी एका बाजूनं मऊ मातीत रुतलेली. हातात मोठी कात्री, एक कोपरा कापून झालेला. मी जाऊन शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"आलास?" ते वरून म्हणाले. "अजून अर्ध्यावरही नाही झालं. शनिवारीही तपासता का तुम्ही लोक?"

"खाली या," मी म्हणालो. "कापायची गरज नाही. कधीच नव्हती."

ते एकेक पायरी उतरले. मी शिडी धरून होतो आणि त्यांच्या बुटांशी बोलत होतो, त्यामुळे सांगणं सोपं गेलं. ते पुरते खाली पोचेपर्यंत माझंही सांगून झालं होतं. ते घराच्या पायऱ्यांवर बसले, कात्री मांडीवर ठेवली.

"म्हणजे तुला चालायची लाज वाटत होती."

"हो."

"आणि मला पत्र आलं ते?"

"खोटं बोललो होतो, ते निभवायला."

त्यांनी कापलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथून पहिल्यांदाच रस्ता दिसत होता. "एलिन गेली त्याच साली माझ्या खुब्याचा सांधा बदलला," ते म्हणाले. "चार महिने मी याच रस्त्यानं ती आधाराची चाकांची चौकट ढकलत जायचो. कोपऱ्यापर्यंत जायला पाऊण तास लागायचा. सगळे बघायचे. खिडक्यांतून, दारांतून. कुणी हात करायचं, कुणी दोन पावलं बरोबर यायचं." जरा थांबून ते म्हणाले, "कुणी बघितलं नसतं, तर मी घराबाहेर पडलोच नसतो."

आतून कुंपणात काहीतरी चिवचिवत होतं. मग ते उठले आणि अगदी व्यवहारी आवाजात म्हणाले की सोमवारी ते पत्र परत घे, आणि मंगळवारी घरमालक संघाची सभा आहे, तिथे तुझं तूच सांग.

सोमवारी मी डॉरिटला सांगितलं. तिनं पत्र रद्द केलं, पिवळं जाकीट परत घेतलं आणि मला कुंपणांवरून रस्त्यातल्या खड्ड्यांवर हलवलं. खड्डे, ती म्हणाली, मी कितीही वेळ बघत उभा राहिलो तरी कुणी घाबरून बुजवणार नाही.

मंगळवारी शाळेच्या जिममध्ये साठेक माणसं होती, कॉफी होती, केक होते. 'इतर विषय' आला तेव्हा मी उभा राहिलो. धावायला जेवढा दम लागतो त्याच्या दुप्पट त्या सहा मिनिटांना लागला. बोलून झालं तेव्हा मागच्या रांगेतून विलाड्स उठला.

"तू म्हणालास, खाली जाड वाटतंय."

"माझी पोटरी," मी म्हणालो.

"आणि कापाकापी?"

"ऑपरेशन."

विलाड्स खाली बसला. त्याचे खांदे हलायला लागले, मग त्याची खुर्ची हलायला लागली, आणि मग सगळी जिमच. पेटीच्या दिवशी हसले असतील त्याहून जास्त हसले, आणि गंमत म्हणजे या वेळी मला पळून जावंसं वाटलं नाही. अर्थात हसून झाल्यावर ठरावही झाला. लेर्केवायवर कापलेल्या सगळ्या फांद्या गाडीला ट्रेलर जोडून कचराकेंद्रावर मी एकट्यानं नेऊन टाकायच्या. सव्वीस खेपा झाल्या. बोडिल एकदाही मदतीला आली नाही, पण दर खेपेला खिडकीतून हात करत होती.

मायकेनला सपातांची हकिकत सांगितली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मग पोटरी दाबून दाबून पाहिली. पोटरीला काही झालेलं नव्हतं. मी म्हणालो, म्हणजे सातशे मीटर सलग धावू शकतो तर, आता कार्यक्रमाच्या पुढच्या टप्प्यावर जायला हरकत नाही. तिनं नवा कागद काढला आणि वर लिहिलं, आठवडा पहिला. नियम मोडणाऱ्याची पोटरी कशी आहे ते ती बघत नाही, आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजते.

तर आता पुन्हा एक मिनिट आणि दोन मिनिटं. फरक एवढाच की आता ऑलुफ बरोबर असतात. मी विचारलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी ते फाटकापाशी कोट घालून उभे होते. मी मिनिटभर धावून पुढे जातो, घड्याळ वाजलं की चालतो आणि धापा आवरतो. तेवढ्यात ते आपल्या एकाच ठरलेल्या चालीनं मागून येऊन मला गाठतात. त्या दोन मिनिटांत आम्ही होड्यांबद्दल बोलतो. खिडक्यांतून लोक हात करतात, मीही करतो. सप्टेंबर जमेल की नाही ते मायकेन जाणे, पण जूनमधल्या आमच्या संध्याकाळी लांब असतात आणि मला त्या आवडायला लागल्या आहेत.

मागच्या आठवड्यात तीन नंबरात एक नवीन बाई राहायला आल्या. त्यांना मागचं काहीच माहीत नाही. चालायची दोन मिनिटं चालू होती आणि ऑलुफनी मला नुकतंच गाठलं होतं. मी कमरेवर हात ठेवून, तोंड लाल करून, श्वास शोधत होतो. बाई फाटकापाशी आल्या, माझ्याकडे एकदा मायेनं पाहिलं आणि ऑलुफना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "किती चांगलं करता हो तुम्ही. रोज न चुकता यांना फिरायला आणता."

ऑलुफनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना खरं सांगता आलं असतं.

"सुधारणा आहे," ते म्हणाले. "आता बूट आपले आपण घालतो."